सरळ खाली खणू नकोस



मधल्या सुट्टीत शाळेच्या व्हरांड्यातून फिरताना कानावर पडलेली काही वाक्ये येथे देत आहोत. मुले आपसात उर्दूत बोलत होती, आम्ही ती मराठीत लिहिली आहेत.

"पहिल्या दिवशी अंधार पडायच्या आत घर बांधून घे. रात्री राक्षस येतात."

"सरळ खाली खणू नकोस. खाली लाव्हा लागला तर तूही जाशील आणि सामानही जाईल."

"उतरल्या उतरल्या पळत सुटू नको. आधी भिंतीआड हो, मग बघ कोण कुठे आहे."

"माझ्या भाईजाननी सांगितलेले नाही हे, मी स्वतः करून पाहिलेय."

ही सगळी वाक्ये मोबाइलवरच्या गेमविषयी आहेत. मुले मोबाइलवर किती वेळ घालवतात, यावर पालकसभेत तासभर बोलणे होते. डोळे, झोप, अभ्यास, चिडचिड, सगळे विषय निघतात आणि ते निघायलाच हवेत. पण गेम बंद झाल्यावर मुले त्याविषयी जे बोलतात, एकमेकांना जे सांगतात आणि विचारतात, त्याकडे कोणाचे लक्ष नसते. आम्हाला मात्र गेल्या दोन-तीन वर्षांत असे वाटू लागले आहे की, मूल गेममध्ये काय करते याच्याइतकेच ते गेमबद्दल कोणाशी बोलते हे महत्त्वाचे आहे. या महिन्याचा आमचा विषय तोच आहे.

सल्ल्याशिवाय न चालणारा खेळ

वर दिलेली पहिली दोन वाक्ये 'माइनक्राफ्ट' नावाच्या गेमची आहेत. ज्यांनी तो पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. त्यातली सारी दुनिया चौकोनी ठोकळ्यांची असते. झाड तोडले की लाकूड मिळते, लाकडाच्या फळ्या होतात, दोन फळ्यांच्या चार काठ्या होतात. तीन फळ्या आणि दोन काठ्या ठरावीक पद्धतीने मांडल्या की कुदळ तयार होते. लाकडी कुदळीने दगड फुटतो, दगडी कुदळीने लोखंड मिळते आणि हिरा हवा असेल तर लोखंडी कुदळ लागते.

हा गेम २००९ मध्ये प्रथम लोकांसमोर आला आणि २०११ मध्ये पूर्ण रूपात निघाला. कोणती वस्तू कशी बनवायची, हे सुरुवातीच्या वर्षांत गेमच सांगत नसे. त्यासाठीची पाककृतीसारखी वही गेममध्ये आली ती २०१७ साली. तोवर कुदळ कशी करायची हे एका खेळणाऱ्याने दुसऱ्याला सांगायचे, दुसऱ्याने तिसऱ्याला. या गेमच्या तीस कोटींहून अधिक प्रती खपल्याचे २०२३ मध्ये जाहीर झाले. एवढी माणसे एकमेकांना विचारत, सांगत खेळली.

'सरळ खाली खणू नकोस' हा त्यातला सर्वांत प्रसिद्ध सल्ला. भाषेच्या शिक्षकाच्या नजरेने तो पाहावा. काय करू नये हे त्यात आहे. का करू नये, हे विचारले तर कारणही तयार आहे: पायाखालचा ठोकळा फोडला की आपण खाली पडतो, आणि खाली पोकळ गुहा आहे की लाव्हा, हे वरून दिसत नाही. मग काय करावे, तेही मुले सांगतात: पायऱ्या पायऱ्यांनी उतर. नियम, कारण आणि पर्याय, तीनही गोष्टी तीन छोट्या वाक्यांत येतात. अशी वाक्ये मुलांनी लिहावीत म्हणून आम्ही वर्गात केवढा खटाटोप करतो!

सातवीत आमच्याकडे एक मुलगी आहे. प्रश्न विचारला की मान खाली घालून उभी राहणारी. मराठीच्या तासाला कृती लिहायला दिली होती: चहा कसा करावा, पतंग कसा बनवावा, असे काही. तिची वही कोरी. तिची मैत्रीण म्हणाली, "टीचर, हिला कुदळ विचारा." आम्ही विचारले. आधी ती लाजली, मग बोलू लागली आणि थांबेचना. तिच्या भावाच्या मोबाइलवर तिला रोज अर्धा तास मिळतो. तेवढ्यात तिने हे सगळे जमवलेले. आम्ही म्हटले, हेच मराठीत लिही, अडेल तिथे शब्द विचार. तिने दीड पान लिहिले. 'प्रथम', 'त्यानंतर', 'अन्यथा' हे शब्द तिने आपणहून मागून घेतले. तिला कारण होते. समोरच्याला समजले नाही तर त्याची कुदळ होणार नव्हती.

टोकियोतले हस्तलिखित

आपल्याकडच्या शाळांत हस्तलिखित काढायची जुनी रीत आहे. मुलांनी लिहायचे, मुलांनीच चित्रे काढायची आणि शिक्षकांनी दोरा ओवून बांधायचे. गेमच्या इतिहासातही असेच एक हस्तलिखित आहे.

जपानमध्ये टोकियोच्या परिसरात राहणारा सातोशी ताजिरी हा मुलगा लहानपणी किडे गोळा करायचा. मोठा होताना त्याला गेमच्या दुकानांचे वेड लागले, त्या काळी नाणे टाकून उभ्याने खेळायची यंत्रे असत. १९८३ मध्ये, शाळकरी वयातच, त्याने 'गेम फ्रीक' नावाचे एक छोटे मासिक सुरू केले. मजकूर हाताने लिहिलेला आणि पाने स्टेपल केलेली. त्यात काय असायचे? कोणता गेम कसा जिंकावा, कुठे काय लपलेले आहे, कोणता गेम चांगला आणि कोणता फसलेला. म्हणजे आमची मुले व्हरांड्यात जे बोलतात तेच. ते मासिक केन सुगिमोरी या चित्रे काढणाऱ्या तरुणाच्या हाती पडले आणि तो येऊन मिळाला.

तो काळही अशा मासिकाला पोषक होता. १९८४ मध्ये जपानमध्ये 'टॉवर ऑफ द्रुआगा' हा साठ मजल्यांच्या मनोऱ्याचा गेम आला. त्यात जवळपास प्रत्येक मजल्यावर काहीतरी दडवलेले, पण ते कसे मिळवायचे याची खूण कुठेही दिलेली नाही. एकट्याने तो पुरा करणे जवळजवळ अशक्य होते. म्हणून दुकानात येणारे खेळाडू एकमेकांना सांगत, टिपून ठेवत. आज तुला सतरावा मजला कळला, उद्या मला अठरावा.

पुढे १९८९ मध्ये ताजिरी आणि सुगिमोरी यांच्या मासिकाची कंपनी झाली. १९९६ मध्ये तिने 'पोकेमॉन' काढला. हे नाव आपल्या घरातल्या मुलांना कार्टूनमुळे माहीत आहे. मूळ गेम हातात धरायच्या छोट्या यंत्रावरचा होता, आणि तो एकाच वेळी दोन प्रकारांत विकायला आला. काही प्राणी एका प्रकारात मिळत, काही दुसऱ्यात. सगळे गोळा करायचे तर दुसरा प्रकार असलेला मित्र शोधायचा, दोन यंत्रे वायरने जोडायची आणि अदलाबदल करायची. एकलकोंड्या मुलाला तो गेम पुरा करता येत नसे. गेमच्या गप्पा मारत वाढलेल्या माणसाने असा गेम बनवला की तो खेळताना बोलावेच लागेल.

मुस्तफा आणि तीस लाइफ

आमच्या वयाच्या वाचकांना जपानपर्यंत जायची गरज नाही. त्यांना 'मुस्तफा' आठवत असेल.

नव्वदच्या दशकात गल्लोगल्ली व्हिडिओ गेमची पार्लर होती. बाहेर पडदा, आत अंधार, रुपयाचे नाणे टाकले की खेळ सुरू. १९९३ मध्ये जपानच्या कॅपकॉम कंपनीने 'कॅडिलॅक्स अँड डायनासॉर्स' हा गेम काढला. त्यात निवडायला चार जण होते आणि त्यांतल्या पिवळी टोपी घातलेल्याचे नाव होते मुस्तफा. एवढे लांबलचक इंग्रजी नाव कोण घेणार? हिंदुस्थानभर मुलांनी गेमचेच नाव मुस्तफा ठेवले. तीन जण एका वेळी खेळू शकत. मोहल्ल्यातल्या मुलांना तर आपल्यातलाच कोणी पडद्यावर गेल्याचा आनंद.

मुलींना मात्र पार्लरमध्ये जाणे नव्हते. आम्ही तो गेम पाहिला नाही, ऐकला. मग़रिबनंतर भाऊ आणि चाचांची मुले ओट्यावर बसून दिवसभराची लढाई सांगत. कोणत्या पिंपात खाणे आहे, ते कोणी उचलायचे, ज्याची ताकद कमी उरली आहे त्याला ते कसे सोडायचे, कोणी सोडले नाही आणि मग सगळे कसे मेले. आम्ही भाकऱ्या भाजताना ते ऐकत असू. मुस्तफाची उडी कशी असते, हे आम्हाला एकदाही नाणे न टाकता पाठ होते. ऐकण्यावर बंदी नव्हती, पण विचारले की "तुला काय करायचेय?" असे उत्तर मिळे. हे आम्ही तक्रार म्हणून लिहीत नाही. पण आजही आमच्या वर्गातल्या किती मुली आवाज बंद ठेवून किंवा मुलाचे नाव लावून खेळतात, ते त्यांनी सांगितले तेव्हा आम्हाला तो ओटा आठवला. ज्याला गप्पांत घेतले जात नाही, त्याला शिकायलाही अर्धेच मिळते.

पार्लरनंतर टीव्हीला जोडायचे स्वस्त डबे घरात आले. त्यात कॅसेट खोचायची. चालली नाही तर काढून फुंकर मारायची. फुंकर मारल्याने काही होत नाही, कॅसेट काढून परत नीट बसवल्याने होते, हे तेव्हा कोणाला ठाऊक नव्हते, तरी तो सल्ला जगभर पसरला होता. त्या डब्यावरचा लाडका गेम 'कॉन्ट्रा'. त्यात तीन लाइफ मिळत आणि त्या पाच मिनिटांत संपत. मग कोणीतरी मोठा मुलगा कानात सांगे: वर वर, खाली खाली, डावे उजवे, डावे उजवे, बी, ए, मग स्टार्ट. तीनाच्या तीस लाइफ!

हा कोड मुळात खेळणाऱ्यांसाठी नव्हताच. काझुहिसा हाशिमोतो हे कोनामी कंपनीतले गृहस्थ 'ग्रेडियस' नावाचा गेम घरगुती यंत्रासाठी तयार करत होते. तपासण्यासाठी तो पूर्ण खेळून पाहावा लागे आणि तो त्यांना स्वतःलाच जमेना. म्हणून त्यांनी ही युक्ती आत ठेवली. १९८६ मध्ये गेम बाजारात आला तेव्हा ती आतच होती. पुढे तीच 'कॉन्ट्रा'त आली आणि तोंडोतोंडी जगभर फिरली. मुलांच्या हाती मोबाइल यायच्या कितीतरी आधीची ही गोष्ट आहे.

आणि २०२० चे लॉकडाउन? नवी मुंबईत तयार झालेला 'लुडो किंग' तेव्हा घराघरांत पोहोचला. ज्या दादीजान मोबाइलला हात लावत नव्हत्या, त्या गावाकडे बसून "अगं ती पिवळी आधी बाहेर काढ" असे फोनवर सांगू लागल्या. ते गेमविषयीचे मार्गदर्शनच होते. आपण फक्त त्याला तसे म्हणत नाही.

खोटा सल्ला

आतापर्यंत वाचून कोणाला वाटेल की, आम्ही गेमची वकिली करतो आहोत. तसे नाही. जिथे सल्ला आहे तिथे खोटा सल्लाही आहे.

१९९१ मध्ये 'स्ट्रीट फायटर टू' हा मारामारीचा गेम आला. त्यात रियू नावाचा लढवय्या जिंकल्यावर एक वाक्य बोलतो. जपानीत तो आपल्या 'शोर्युकेन' नावाच्या ठोशाविषयी बोलत होता. इंग्रजी भाषांतर करताना त्या चित्रलिपीचा चिनी उच्चार घेतला गेला आणि ठोशाचा 'शेंग लाँग' नावाचा माणूस झाला. भाषांतराची एक चूक! खेळणारे विचारू लागले, हा शेंग लाँग कोण, कुठे भेटतो? १९९२ च्या एप्रिल महिन्यात एका अमेरिकन गेम मासिकाने थट्टा म्हणून त्याला भेटायची अवघड युक्ती छापली. मुलांनी ती खरी मानून नाण्यांवर नाणी घातली. इतर मासिकांनी ती उचलून छापली. पुढे त्याच मासिकाने ती एप्रिल फूलची गंमत असल्याचे सांगितले. पोकेमॉनमध्येही तसेच झाले. 'म्यू' नावाचा एक दुर्मीळ प्राणी बंदरावरच्या ट्रकखाली दडला आहे, अशी अफवा होती. असंख्य मुलांनी तो ट्रक ढकलायचा प्रयत्न केला. ट्रकखाली काहीच नव्हते.

या अफवांत मुलांची नाणी गेली, वेळ गेला, थोडे हसे झाले. आज खोट्या सल्ल्याची किंमत वेगळी आहे.

आठवीतल्या एका मुलाची हकीगत सांगतो. नाव, गाव सांगत नाही. घरी गेमचे नाव काढायची बंदी होती. बंदी म्हणजे खेळायची आणि बोलायचीही. तो वडिलांच्या मोबाइलवर ते झोपल्यावर खेळे. गेममध्ये त्याला एक 'भाई' भेटला. हा भाई चांगला खेळायचा आणि चांगले शिकवायचा. कुठे लपावे, कधी बाहेर पडावे, काय उचलावे. महिनाभर त्याने दिलेला प्रत्येक सल्ला खरा निघाला. मग एके रात्री त्याने सांगितले की, फुकट डायमंड मिळवायची एक युक्ती आहे. एक लिंक आली, त्यात नंबर टाकला, मोबाइलवर आलेला ओटीपी टाकला. सकाळी घरभाड्यासाठी ठेवलेले सहा हजार रुपये खात्यात नव्हते. वडील शिलाईकाम करतात.

मुलाने कोणाला काही सांगितले नाही. वडिलांना वाटले बँकेतच काही घोटाळा झाला. दोन आठवडे मुलगा वर्गात गप्प होता. शेवटी त्याने आम्हाला सांगितले तेव्हा आमचा पहिला प्रश्न होता, "लिंक उघडायच्या आधी कोणाला विचारले का नाहीस?" तो म्हणाला, "कोणाला विचारू, टीचर? मी खेळतो हेच कोणाला माहीत नव्हते."

आमच्या मते या लेखात सांगण्यासारखे जे आहे ते या उत्तरात आहे. घरात गेमबद्दल बोलणे बंद केले म्हणून मुलाचे गेमबद्दल बोलणे थांबत नाही. ते घराबाहेर जाते. बापाला, मोठ्या भावाला, खालाला विचारता येत नाही म्हणून मूल त्या अनोळखी 'भाई'ला विचारते. खेळायला किती वेळ द्यायचा, कोणता गेम चालेल आणि कोणता अजिबात नाही, हे घराने ठरवावे. लहान मुलांना मारामारीचे गेम न देण्याच्या बाजूचे आम्हीही आहोत. पण बोलायचे दार बंद करू नये.

तीन प्रश्न

त्यानंतर आम्ही आठवीच्या वर्गात हस्तलिखित काढायचे ठरवले. ताजिरीची गोष्ट सांगितली तेव्हा मुलांचे डोळे चमकले. प्रत्येकाने एक सल्ला लिहायचा, उर्दूत किंवा मराठीत. कॅरम, क्रिकेट, पतंग, मोबाइल, कोणत्याही खेळाचा चालेल. प्रत्येक सल्ल्यापुढे तीन प्रश्नांची उत्तरे द्यायची.

पहिला प्रश्न: हे तू स्वतः करून पाहिलेस की ऐकलेस? ऐकले असेल तर कोणाकडून?

दुसरा प्रश्न: सांगणाऱ्याला यातून काय मिळते?

तिसरा प्रश्न: हे खोटे निघाले तर काय जाईल?

'सरळ खाली खणू नकोस' या तिन्ही प्रश्नांतून सहज पार होतो. करून पाहिले आहे, सांगणाऱ्याचा काही फायदा नाही, खोटा निघाला तरी काही जात नाही. शेंग लाँग पहिल्याच प्रश्नाला अडकतो, कारण त्याला भेटलेला माणूस कोणालाच माहीत नव्हता. फुकट डायमंड तिसऱ्या प्रश्नाला पडतो. ज्या सल्ल्यात ओटीपी, पासवर्ड किंवा अम्मी-अब्बूंचा मोबाइल लागतो, तो सल्लाच नव्हे, हे मुलांनी आपणहून लिहिले.

सल्ला घेणाऱ्यापेक्षा देणाऱ्याची जबाबदारी मोठी. ज्याच्याकडे मशवरा मागितला तो अमानतदार झाला, हे आपल्या घरांत मुलांना लहानपणापासून सांगितले जाते. मुलांना ते नीट कळते, फक्त गेमलाही ते लागू आहे हे कोणी सांगितलेले नसते. जपानमधल्या 'डेमन्स सोल्स' या २००९ च्या गेममध्ये तर ही गोष्ट खेळातच बांधलेली आहे. त्यात खेळाडू जमिनीवर चिठ्ठीसारखा संदेश सोडून जातो. तो दुसऱ्या अनोळखी खेळाडूला त्याच्या गेममध्ये दिसतो: पुढे शत्रू आहे, डावीकडे बघ. वाचणाऱ्याने 'हा उपयोगी' असा कौल दिला तर लिहिणाऱ्याची ताकद वाढते. तो कुठेही लढत असो, अचानक जखमा भरून येतात. हा गेम बनवणारे हिदेताका मियाझाकी यांनी सांगितले आहे की, बर्फात चढावर गाड्या अडकल्या होत्या, अनोळखी लोकांनी एकमेकांच्या गाड्या ढकलून वर चढवल्या, त्यावरून ही कल्पना सुचली. कड्याच्या टोकावर 'इथून उडी मार' असे लिहून ठेवणारे महाभाग तिथेही असतात. मुलांना हे सांगितले तेव्हा वर्ग खो खो हसला. मग एकाने विचारले, "टीचर, तसे लिहिणाऱ्याला काय मिळते?" दुसरा प्रश्न त्याच्या तोंडी बसला होता.

आता पालकांसाठी काही व्यवहाराच्या गोष्टी.

पैसे गेले असतील तर लाजेपायी वेळ घालवू नका. १९३० हा सायबर फसवणुकीसाठीचा राष्ट्रीय मदत क्रमांक आहे. जितक्या लवकर फोन कराल तितकी रक्कम अडवण्याची शक्यता जास्त. मूल मारापायी गप्प बसले तर तेच तास वाया जातात. म्हणून आधी फोन, मग बँक, रागवायचे ते नंतर.

पैसे लावून खेळायचे ऑनलाइन गेम हा वेगळा विषय आहे. त्यांवर बंदी घालणारा कायदा संसदेने ऑगस्ट २०२५ मध्ये केला आहे. 'थोडे लाव, दुप्पट मिळेल' हा सल्ला कोणी दिला तर मुलाने तो घरी येऊन सांगायला हवा, आणि तो सांगेल असे घर हवे.

खेळण्यावर ताबा राहत नाही, जेवण, झोप, अभ्यास, मित्र सगळे मागे पडते, नुकसान दिसत असूनही खेळ चालूच राहतो, आणि हे सर्वसाधारणपणे वर्षभर टिकते, तेव्हा जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ मध्ये मान्य झालेल्या रोगसूचीत त्याला आजार म्हटले आहे. अशा वेळी डॉक्टरांकडे जावे. रोज अर्धा तास खेळून चार तास त्याविषयी बडबडणारे मूल बहुधा या यादीत बसत नाही. पूर्वी गेमच्या गप्पा मारणारे मूल एकाएकी गप्प झाले, तर मात्र जवळ बसून विचारावे.

कसे विचारावे? "आज किती वेळ खेळलास?" असे विचारले की उत्तर आखडते येते. "आज कुठे अडकलास?" असे विचारून पाहा. "तुला हे कोणी शिकवले?" असे विचारा. शिकवणारा वर्गातला मित्र आहे की कधी न पाहिलेला कोणी भाई, हे त्यातून आपोआप कळते. एखाद्या रविवारी म्हणावे, "मला शिकव बरे." मूल शिक्षक होते, आपण शागिर्द होतो. आपण तीनदा मरतो, मूल हसते आणि मग धीराने परत सांगते. आपल्या आठवणीही सांगाव्यात. अब्बूंनी पार्लरमध्ये किती नाणी घालवली, मामूंना कोणता कोड पाठ होता, नानीच्या सोंगट्या कोण चोरायचे. मुलींनाही या बैठकीत बसवावे आणि त्यांनी प्रश्न विचारले तर उत्तरे द्यावीत.

आमच्या वर्गाचे हस्तलिखित पूर्ण झाले आहे. एकेचाळीस सल्ले आहेत. कॅरमचे सात, पतंगाचे पाच, बाकी बहुतेक मोबाइलचे. त्या मुलाने आधी काही लिहायला नकार दिला होता. आम्ही आग्रह केला नाही. बांधणीच्या आदल्या दिवशी त्याने एक पान आणून दिले. त्यावर नाव नको म्हणाला. पानावर दोनच ओळी आहेत: चांगले खेळणारा माणूस चांगलाच असतो असे नाही. काही मागितले तर आधी घरी सांगा.

पहिल्या प्रश्नापुढे त्याने लिहिले आहे, 'स्वतः करून पाहिले'.